घराच्या परवान्याची फाईल: पीडीएत आहे की पालिकेत?

म्हापसा, मडगाव किंवा वास्कोत घर बांधायचं तर परवाना एक नसतो, दोन असतात. आधी पीडीएची, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाची डेव्हलपमेंट परमिशन, मग पालिकेचं कन्स्ट्रक्शन लायसन्स. म्हापशाला उत्तर गोवा पीडीए, मडगावला दक्षिण गोवा, वास्कोला मुरगाव. पीडीएच्या हद्दीबाहेर तेच काम नगरनियोजन खात्याचं तालुका कार्यालय करतं, म्हणजे आपण ज्याला टीसीपी म्हणतो ते. गावात लायसन्स पंचायत देते. दोन कार्यालयं, दोन आवक क्रमांक. पीडीएचा नंबर घेऊन पालिकेत गेलात तर कारकून रजिस्टर चाळून ‘अशी फाईलच नाही’ म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसेल.

अर्ज मालकाने किंवा त्याच्या मुखत्याराने करायचा. एवढं वाचायला सोपं, पण गोव्यात अर्धा वेळ मालक कोण हे ठरवण्यात जातो. ग्रामीण सर्व्हेच्या जमिनीला एक-चौदाचा (फॉर्म I आणि XIV) उतारा लागतो, शहरात फॉर्म डी, त्यावर चलता क्रमांक आणि पी.टी. शीटचा नंबर, म्हणजे शहर सर्व्हेतले जागेचे आणि नकाशाचे क्रमांक. या उताऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहिलेलं असेल किंवा चुलत्यांची नावं सोबत असतील, तर सहमालकांची संमती मागतात. म्युटेशन, म्हणजे नावाची फेरफार नोंद, आधी उरकून घ्या, नंतर करू म्हणून ठेवू नका. शिवाय इथल्या नागरी कायद्याप्रमाणे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची धरली जाते, म्हणून जोडीदाराची सही कुठे लागते ते आर्किटेक्टला सुरुवातीलाच विचारा.

बाकी कागद: खरेदीखत, सर्व्हे प्लॅन, नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनियरच्या सहीचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनियरचं दायित्व प्रमाणपत्र, खर्चाचा अंदाज. जमीन शेतीची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खालची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती वापरायची परवानगी. सनदेची फाईल तिसरीच, ती महसूल खात्याकडे फिरते आणि तिच्यासाठी मामलेदार, टीसीपी आणि वन खात्याचे अहवाल लागतात. जागा डोंगरउताराची असेल, किंवा सखल असून भराव घालायचा असेल, तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17ए खाली वेगळी परवानगी लागते. झाडं तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याची. लायसन्सच्या टप्प्यावर आरोग्य अधिकाऱ्याचा ना-हरकत दाखलाही मागतात. तिथे नकाशावरची सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) आणि विहीर बघतात: दोन्हींमध्ये 15 मीटर अंतर हवं. छोट्या प्लॉटवर हे गणित फार जणांचं बसत नाही. शेजाऱ्याची विहीर कंपाउंडला लागून असेल तर तीही नकाशावर दाखवून ठेवा.

आता माग काढायचा कसा. अर्ज देताना स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक मारून घ्या. ऑनलाइन भरला असेल तर पोचपावतीचा क्रमांक मोबाइलमध्येच नको, कागदावरही लिहा. फाईल साधारण तांत्रिक छाननी, जागेची पाहणी, अहवाल, मग सही अशी चालते. ‘कुठपर्यंत आलंय?’ असं विचारलं की ‘वर गेलीय’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: पाहणी झाली का? कसली क्वेरी निघाली आहे का? निघाली असेल तर पत्र कोणाला पाठवलं?

शेवटचा प्रश्न मी फार उशिरा विचारला. आमची फाईल चतुर्थीच्या आधीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत एका जागी होती. दर आठवड्याला जाऊन मी काउंटरवरच्या माणसावर चिडत होतो. शेवटी त्याने फाईल उघडून दाखवली. वरच क्वेरीचं पत्र, जिन्याचं माप दोन नकाशांवर वेगळं दिसतं म्हणून. पत्र आर्किटेक्टच्या ईमेलवर गेलेलं आणि त्याने ते उघडलंच नव्हतं. नवा नकाशा दोन दिवसांत झाला. अर्जात स्वतःचा ईमेल आणि फोन लिहा, आर्किटेक्टचा हवा तर सोबत.

पंचायतीच्या लायसन्सला मुदत कायद्यातच आहे. गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 प्रमाणे 30 दिवसांत निर्णय कळवला नाही तर पुढच्या 30 दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं. तारखेचा पुरावा म्हणजे तोच आवक शिक्का. पालिका असो वा पीडीए, फाईल हलतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात ‘विलंब का झाला’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. फाईलवरच्या नोंदींची प्रत आणि फाईल पाहण्याची परवानगी मागा.

मंजुरी ठरली की पैशाची चलनं निघतात: पायाभूत सुविधा कर, लायसन्स फी, खर्च ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर कामगार कल्याण उपकरही. ती न भरल्यामुळे आदेश अडकून राहतो आणि माणूस साहेबांच्या सहीची वाट बघत बसतो. परमिशनच्या आदेशावरच्या अटी नीट वाचा. काम सुरू करण्यापूर्वी जागेवर 1 मीटर बाय अर्ध्या मीटरचा पांढरा फलक, काळ्या अक्षरांत, हीसुद्धा त्यातलीच एक.

घर उभं राहिलं की ऑक्युपन्सीसाठी, म्हणजे राहायला जायच्या दाखल्यासाठी, हाच फेरा पुन्हा, आधी पीडीएचा काम पूर्ण झाल्याचा दाखला (कम्प्लीशन), मग पालिका. शिक्का मारलेल्या प्रती तोवर फेकू नका.