सूत्रकृमीच्या घशात धडधडतं काय?

येऊरच्या पायथ्याची मूठभर ओली माती कापडात बांधून पाणी भरलेल्या नरसाळ्यात रात्रभर बुडवून ठेवली, की सकाळी खालच्या नळीतून काढलेल्या थेंबात सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी, वळवळताना दिसतात. युक्ती बेअरमान नावाच्या डॉक्टरांची, १९१७ सालची; ठाण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीतही जमते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं काचेसारखं अंग दिसतं आणि डोक्याजवळ काहीतरी सारखं धडधडत असतं. सोसायटीतली मुलं त्याला हटकून हृदय म्हणतात. या प्राण्याला हृदय नसतंच. धडधडतो तो घसा, म्हणजे ग्रसनी.

माणसाच्या पोटातला मोठा जंत हाही सूत्रकृमीच; तो इंग्रज वैद्य एडवर्ड टायसन यांनी १६८३ मध्येच चिरून पाहिला होता. पण घशाची पेशीन् पेशी मोजली गेली ती केंब्रिजमध्ये. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी संशोधनासाठी निवडलेला 'सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स' हा जेमतेम १ मिलिमीटरचा कृमी. त्याच्या घशाचे अतिपातळ काप काढून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहत अल्बर्टसन आणि थॉमसन यांनी १९७६ मध्ये संपूर्ण आराखडा छापला. अख्ख्या कृमीत चेतापेशी ३०२, त्यांतल्या २० एकट्या घशात!

आडव्या कापात घशाची पोकळी बेलाच्या पानासारखी तीन दिशांना फाकलेली दिसते. आपल्या अन्ननलिकेचे स्नायू आवळून घास पुढे ढकलतात, इथे उलटंच. स्नायूंचे तंतू पोकळीपासून बाहेरच्या भिंतीकडे गेलेले असतात. ते आखडले की पोकळी उघडते आणि जिवाणू पाण्यासकट आत ओढले जातात. सैल पडले की ती मिटते, पाणी बाहेर जातं, जिवाणू आत राहतात. पुढे अरुंद मान, आणि तिच्यामागच्या फुगवट्यात जिवाणू भरडणारं चिमुकलं जातं.

एवढ्या चेतापेशी आहेत म्हटल्यावर पंप त्याच चालवत असणार, असं कुणालाही वाटेल. ॲव्हरी आणि हॉर्विट्झ यांनी लेझरने घशातल्या सगळ्या चेतापेशी मारल्या, आणि १९८९ मध्ये जाहीर केलं की घसा तरीही धडधडतोच. मंदावतो, पण थांबत नाही. एम-४ नावाची एकच चेतापेशी मात्र फार मोलाची: ती गेली की मान उघडत नाही, घास अलीकडेच तुंबतो आणि पिल्लू उपाशी राहतं.

आता मुलांच्या त्या 'हृदया'बद्दल. घशाचे स्नायू घडवणारं एक जनुक बिघडलेल्या कृमींमध्ये संशोधकांनी झेब्राफिश माशाचं हृदय घडवणारं जनुक घातलं. कृमींचा घसा नीट घडला. हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं.