बडोद्यात कमाटी बागेजवळ फूड ट्रक लावायचाय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

दांडिया बाजारातून कुणी ना कुणी फाइल घेऊन येतंच: "बागेजवळ मिसळीचा ट्रक लावायचाय, अर्ज परत आला." म्हणून हे लिहितोय.

पथविक्रेता कायदा 2014 चा. त्यातल्या पथविक्रेत्याच्या व्याख्येत रस्ता-फुटपाथसोबत सार्वजनिक बागही आहे. त्यावरून लोक समजतात, बागेत गाडी उभी करायचा हक्कच मिळाला. तसं नाही. जागा वेंडिंग झोनप्रमाणे, म्हणजे विक्रीसाठी ठरवून दिलेल्या पट्ट्यांप्रमाणे ठरते. तुम्हाला हवा तो दरवाजा कुठल्या झोनमध्ये येतो ते वॉर्ड ऑफिसात विचारा, मगच टेम्पोचा सौदा करा.

आधार, फोटो, पासबुक, फूड लायसन्स यांत फारसं कुणी अडत नाही. अडतात ते नावात. आधारवर 'अशोक शिंदे', गाडीच्या आरसीवर 'शिंदे अशोकभाई'. खिडकीवरचा म्हणतो, ही दोन माणसं. भाई कुणीतरी आदरानं लावलेलं असतं, पण तिथे आदर चालत नाही. दोन्ही नावं माझीच, असं सोगंदनामं (प्रतिज्ञापत्र) ई-स्टॅम्पवर करून अर्जासोबतच द्या. नंतर धावलात तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

जुन्या छोटा हाथीवर (छोट्या मालवाहू टेम्पोवर) काउंटर आणि छप्पर चढवायचं तर आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागते (मोटार वाहन कायदा, कलम 52). गॅरेजवाला "होऊन जाईल" म्हणतो. होत नाही. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेटही बघा: व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांचं, त्यानंतर दरवर्षी. आणि घरचा लाल सिलिंडर ट्रकात नको, 19 किलोचा व्यावसायिकच घ्या.

खरी गाठ वेंडिंग सर्टिफिकेटची, म्हणजे विक्रीच्या परवान्याची. ते पथविक्रेत्यांच्या सर्व्हेत नाव आलेल्यांना मिळतं, आणि सर्व्हे पाच वर्षांतून निदान एकदा. "सर्व्हे झाला, आता या पुढच्या वेळी" हे उत्तर ऐकून घरी जाऊ नका. दोन सर्व्हेंच्या मधल्या काळात झोनमध्ये जागा असेल तर टाउन वेंडिंग कमिटी (या कायद्याखालची शहराची पथविक्रेता समिती) नव्या माणसालाही सर्टिफिकेट देऊ शकते, कायद्यातच आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मात्र पोटापाण्याचं दुसरं साधन नाही, धंदा मी किंवा घरचेच करणार, अशी हमी लिहून द्यावी लागते. नोकरी सांभाळून ट्रक भाड्यानं लावायचा बेत असेल तर सहीच करू नका. सर्टिफिकेट जाईल.

तीस दिवसांची नोटीसही लोक चुकीची वाचतात. समजा बागेची पायवाट रुंद करायची म्हणून तुम्हाला हलवायचं ठरलं. ते तीस दिवस जागा सोडण्यासाठीचे असतात, तोवर विचार करू म्हणून ती घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवायची नसते. मुदत उलटली की दिवसाला 250 रुपयांपर्यंत दंड, शिवाय माल जप्त होऊ शकतो.

जप्त झालाच तर सहीची यादी तिथेच मागा. दंड भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी सोडावा लागतो, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. भिजवलेली मटकी नाशवंतच आहे, हे त्यांना सांगायला लाजू नका.