कायरल संकरित धातु-हॅलाइडे (वर्तुळ-ध्रुवित श्वेत प्रकाश देणारी)

धातु-हॅलाइडाची (धातू आणि क्लोरीन, ब्रोमीन वा आयोडीन यांच्या संयुगाची) अकार्बनी चौकट आणि आपल्या आरशातील प्रतिमेशी न जुळणारा, म्हणजे कायरल, कार्बनी धनायन यांपासून बनलेली स्फटिकी संयुगे. त्यांपैकी काही उत्तेजित केल्यावर पांढरा प्रकाश देतात आणि त्या प्रकाशात डाव्या किंवा उजव्या वर्तुळ-ध्रुवणाचे (म्हणजे प्रकाशाचे विद्युत्-क्षेत्र पुढे जाताना डावीकडे किंवा उजवीकडे फिरत राहण्याचे) प्रमाण अधिक असते. साध्या दिव्यावर ध्रुवक लावून असा प्रकाश मिळवताना निदान निम्मा प्रकाश वाया जातो. येथे तो पदार्थातूनच मिळतो.

या वर्गाचा आरंभ सामान्यतः बिलिंग आणि लेमरर यांनी २००३ च्या सुमारास वर्णिलेल्या फेनिलएथिल-अमोनियमयुक्त लेड (शिसे) ब्रोमाइडापासून मानतात. ते काम स्फटिकरचनेपुरते होते. प्रकाशीय गुणांकडे लक्ष वळले ते २०१७ च्या आसपास. श्वेत उत्सर्जनाचा शोध मात्र स्वतंत्रपणे, २०१४ मध्ये, कायरल नसलेल्या स्तरित लेड ब्रोमाइडांत लागला.

श्वेत उत्सर्जनाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार एक्सायटॉन, म्हणजे परस्परांशी बद्ध इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा), भोवतालचे जालक, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, विकृत करून त्यातच अडकतो. उत्सर्जित ऊर्जा घटते व वर्णपट रुंदावतो. दुसऱ्या मताने स्फटिकातील कायमचे दोषच कारणीभूत असतात. अष्टफलके (धातूच्या अणूभोवती सहा हॅलाइडे असलेले चौकटीचे घटक) जितकी वाकलेली तितके रुंद उत्सर्जन प्रबळ, असा संबंध स्तरित लेड ब्रोमाइडांत आढळल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, तरी दोषांचा वाटा नाकारता येत नाही. कायरलता चौकटीत कशी उतरते, याचे स्पष्टीकरण बहुधा धनायनाच्या हायड्रोजन-बंधांमुळे अष्टफलकांत येणाऱ्या असममित विकृतीने दिले जाते.

ध्रुवणाचे माप म्हणजे विषमता-गुणांक: डाव्या व उजव्या तीव्रतांच्या फरकाची दुप्पट, भागिले त्यांची बेरीज. त्याची मर्यादा ±२ असली, तरी कायरल हॅलाइडांच्या बहुतेक नोंदी ०.००१ ते ०.०१ या पातळीच्या आहेत. एवढ्या लहान मूल्यांत मापनदोष सहज शिरतो. पातळ थरांतील स्फटिक एका दिशेत रचलेले असल्यास रेषीय ध्रुवण आणि द्विप्रणमन (ध्रुवणाच्या दिशेनुसार बदलणारा अपवर्तनांक) मिळून खोटा संकेत देतात. म्हणून नमुना प्रकाशअक्षाभोवती फिरवूनही संकेत स्थिर राहतो का, हे पाहणे आवश्यक ठरते. पांढऱ्या प्रकाशाच्या बाबतीत शिखरावरचे एकच मूल्य अपुरे पडते. मुक्त एक्सायटॉनचा निळा भाग आणि अडकलेल्या एक्सायटॉनचा रुंद पिवळा भाग यांचे गुणांक भिन्न असतील, तर डाव्या व उजव्या घटकांचे रंगही वेगळे दिसतात. गुणांक संपूर्ण वर्णपटावर देणे हेच योग्य होय.

शिशाच्या विषारीपणामुळे अँटिमनी, कथील व मँगॅनीज यांची संयुगेही अभ्यासली जात आहेत.