रिपोर्ट कधीचा?

गणपतीला गावी निघालेल्या एखाद्या चाकरमान्याच्या बॅगेत, मखराच्या सामानाखाली, मोज्यात गुंडाळलेली पांढरी बाटली असते. लेबल नखाने खरवडलेलं, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर कापसाचा बोळा. दापोलीच्या घरात वीस माणसं उतरलेली असताना एवढी खबरदारी घ्यावीच लागते.

त्या एका गोळीत तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर. पहिली दोन एचआयव्हीला स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवू देत नाहीत. तिसरं तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत जोडला जाऊ देत नाही. रोज घेतली की काही महिन्यांत विषाणू रक्तचाचणीत सापडेनासा होतो. दडून बसलेला उरतोच, म्हणून गोळी जन्मभर. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, हे उपचार 2004 पासून फुकट मिळतात.

मग अशा पुरुषाबरोबर झोपायचं की नाही? ‘पार्टनर 2’ या युरोपातल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. समलिंगी पुरुषांच्या 782 जोड्या, एकाला एचआयव्ही, गोळ्या चालू, विषाणू दबलेला. कंडोमशिवाय संबंध सुमारे 76,000 वेळा. जोडीदाराकडून लागण: 0.

मला त्यातला दुसराच आकडा जास्त बोलका वाटतो. 15 जणांना लागण झाली, पण त्यांच्या विषाणूची जनुकीय रचना जोडीदाराच्या विषाणूशी जुळेना. आजार बाहेरून आला होता.

आपल्याकडे गे डेटिंग अ‍ॅपवर पहिला प्रश्न असतो, “तुला काही नाही ना?” समोरचा “नाही” म्हणतो, तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं की मागच्या चाचणीत नव्हतं. नवी लागण झालेल्याच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणू प्रचंड असतो, आणि त्याला पत्ताही नसतो. त्याच्यापेक्षा “आहे, गोळी चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही” म्हणणारा कितीतरी सुरक्षित. आणि नेमकं त्यालाच ब्लॉक केलं जातं! म्हणून विचारायचं ते हे: रिपोर्ट कधीचा?

गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया) या गोळीने थांबत नाहीत, त्यांच्यासाठी कंडोम. एचआयव्ही नसलेल्याला डॉक्टरी सल्ल्याने प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, घेता येतं.

गावाजवळच्या केंद्रात नाव घालायचं तर खिडकीवर ओळखीची मावशी भेटायची भीती. 2017 च्या कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलाय, पण मावशीची नजर कायद्याला कुठे आवरते? म्हणून नाव मुंबईतच राहतं. गौरी जातात, रजा वाढते, परतीचं तिकीट वेटिंगवर, बाटलीत दोनच गोळ्या. खंड पडला की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो, आणि खिशातला जुना रिपोर्ट निव्वळ कागद होतो.