युरोपचा ‘अध्यक्ष’ नक्की कोण?

5 जुलै 2024 रोजी हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान मॉस्कोत पुतिन यांच्यासमोर बसले. चारच दिवस आधी हंगेरीकडे ‘युरोपियन युनियनचं अध्यक्षपद’ आलं होतं. त्यामुळे युरोपचा अध्यक्षच बोलणी करायला गेलाय, असं कुणालाही वाटलं असतं. ओर्बान यांचीही त्याला फारशी हरकत नसावी.

घोळ नावांचा आहे. दर सहा महिन्यांनी देशोदेशी फिरतं ते सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद. 27 सदस्य असल्याने एकदा गेलेली पाळी साडेतेरा वर्षांनी परत येते. ‘युरोपियन परिषद’ मात्र वेगळी, ती राष्ट्रप्रमुखांची आणि पंतप्रधानांची. युनियनच्या कारभाराची घडी बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर तिला अडीच वर्षांसाठी निवडलेला अध्यक्ष असतो. तेव्हा तिथे शार्ल मिशेल होते, डिसेंबरपासून अंतोनियु कोश्ता आले. आपल्याकडे जी-20चं अध्यक्षपद होतं तेव्हा शिखर परिषदेत मोदीच अध्यक्षस्थानी होते; तोच हिशेब ब्रसेल्सला लावला की फसगत होते. परराष्ट्रमंत्र्यांची बैठकसुद्धा पाळीवाल्या देशाकडे नसते. ऑगस्टची अनौपचारिक बैठक तर परराष्ट्र धोरणप्रमुख बोरेल यांनी बुडापेस्टहून थेट ब्रसेल्सला नेली.

म्हणून मॉस्कोवारीवरून हंगेरीच्या सहामाहीचे गुण मांडणं मला चुकीचं वाटतं. वारीने कटुता नक्कीच वाढवली, युनियनचा कारभार चालवणाऱ्या युरोपियन आयोगाने हंगेरीतल्या अनौपचारिक बैठकांना आयुक्तांऐवजी अधिकारी पाठवले. पण पाळीवाल्या देशाचं खरं काम कंटाळवाणं असतं: राजदूतांच्या समितीत मसुदा पुढे सरकवणं, कोण कुठे अडलाय ते हेरणं, आणि स्वतःच्या देशाचा हट्ट बाजूला ठेवून बैठक चालवणं.

त्या कसोटीवर एक गोष्ट हंगेरीच्या पदरात टाकावीच लागेल. रुमानिया आणि बल्गेरिया 2007पासून युनियनमध्ये आहेत, पण शेंगेनच्या, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटाच्या, दारात अडकले होते. मार्च 2024मध्ये हवाई आणि सागरी तपासणी उठली, जमिनीवरची राहिली. ती उठवायला सगळ्यांची संमती हवी आणि ऑस्ट्रिया अडून बसलेला. नोव्हेंबरात बुडापेस्टच्या बैठकीत तोडगा निघाला, 12 डिसेंबरला गृहमंत्र्यांनी शिक्कामोर्तब केलं. हंगेरीला यात स्वतःचाही रस होता. रुमानिया शेजारीच, तिथे मोठा हंगेरियन समाज राहतो.

1 जानेवारी 2025ला जमिनीवरच्या सीमेवरची सरसकट तपासणी थांबली. त्याच दिवशी पाळी पोलंडकडे गेली होती.