सीएसएस सिलेक्टरमधील विशेष चिन्हे

वेबपानावरील घटकाच्या आयडीत (त्या एका घटकाच्या नावात) किंवा क्लासच्या (घटकांच्या गटाच्या) नावात टिंब, कोलन, स्लॅश, कंस अशी चिन्हे आली, किंवा नाव आकड्याने सुरू झाले, तर सीएसएसच्या (पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेच्या) सिलेक्टरमध्ये, म्हणजे नियम कोणत्या घटकाला लागू हे सांगणाऱ्या भागात, ते जसेच्या तसे लिहून चालत नाही. चिन्हाआधी बॅकस्लॅश (\) देऊन त्याचा खास अर्थ काढून घ्यावा लागतो. याला एस्केप करणे म्हणतात. एचटीएमएलला (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेला) अशा नावांचे वावडे नाही. आयडी रिकामा नसावा आणि त्यात मोकळी जागा नसावी, एवढेच ते पाहते.

बेळगावच्या एखाद्या मिठाई दुकानाच्या पानावर ‘कुंदा.साधा’ असा आयडी असला, तर # म्हणजे आयडी आणि टिंब म्हणजे क्लास, म्हणून #कुंदा.साधा याचा अर्थ ‘आयडी कुंदा, क्लास साधा’ असा लागतो. सिलेक्टर वैध असल्याने ब्राउझर तक्रार करत नाही आणि दोष लवकर सापडत नाही. बरोबर रूप #कुंदा\.साधा, जावास्क्रिप्टच्या अवतरणचिन्हांत हाच बॅकस्लॅश दोनदा लिहितात.

पिनकोडचाच आयडी केला, तर #590001 मुळातच अवैध ठरतो. स्वल्पविरामांनी जोडलेल्या यादीत तो आला, तर साधारणपणे यादीतील बाकीच्या सिलेक्टरांसह सगळा नियम बाद होतो. इथे 5 च्या आधी नुसता बॅकस्लॅश देऊन भागत नाही, कारण बॅकस्लॅशनंतरचे आकडे सोळा-आधारी युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला किंवा चिन्हाला दिलेला क्रमांक) म्हणून वाचले जातात. 5 चा क्रमांक 35, म्हणून #\35 90001. मधली मोकळी जागा हवीच. ती गाळली तर ब्राउझर सहा आकडे एकदम ओढून 359000 हा अस्तित्वात नसलेला क्रमांक वाचतो.

देवनागरी किंवा कन्नड अक्षरांना मात्र एस्केप लागत नाही. सीएसएसच्या लेखी आकडे म्हणजे फक्त 0 ते 9. त्यामुळे #५९०००१ बिनतक्रार चालतो. सीमाभागातील द्विभाषिक पानांवर खरा घोळ वेगळाच होतो. ‘दुसऱ्या रेल्वे गेट’मधला ‘ऱ्य’ कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन टंकतो, कोणी साध्या र् नंतर अदृश्य जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सिलेक्टर मात्र जुळत नाही, आणि बॅकस्लॅशने यावर काही होत नाही.

नावे प्रोग्राममधून येत असतील, तर ब्राउझरचे सीएसएस.एस्केप हे फंक्शन वापरावे. चौकटी कंसातल्या अ‍ॅट्रिब्यूट सिलेक्टरमध्ये ([id="..."]) आयडी अवतरणात लिहिला तरी काम होते, पण त्याचे वजन (नियमांच्या टकरीत मिळणारे प्राधान्य) क्लासइतकेच असते. आयडी सिलेक्टरचा नियम त्याच्यावर मात करतो.