चादरीचा किल्ला घरात आला कुठून?

दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, वर चादर टाकायची, कडेला उशा रचायच्या. खेळ इतका सोपा, की तो पूर्वापार चालत आला असेल असंच वाटतं. लपायला आडोसा शोधणं जुनं आहेच. घरातला चादरीचा किल्ला मात्र बराच अलीकडचा असावा. त्याला मुलाच्या हाती सोडता येईल इतकं कापड लागतं, ओढता येईल असं सामान लागतं आणि बैठकीची खोली विस्कटली तरी आरडाओरडा न करणारी मोठी माणसं लागतात.

यातलं कापड फार काळ महागच होतं. सूत हाताने कातायचं आणि हातानेच विणायचं, तेव्हा पांघरूण म्हणजे जपून ठेवायचा ऐवज. युरोपातल्या जुन्या मृत्युपत्रांत चादरी आणि पलंगाचे पडदे कोणाच्या वाट्याला जावेत, तेही लिहिलेलं सापडतं. १७८५ मध्ये एडमंड कार्टराइट यांनी यंत्रमागाचं पहिलं पेटंट घेतलं. पुढच्या शतकात गिरण्यांनी कापड एवढं स्वस्त केलं की घरात एखादी जास्तीची चादर असणं नवलाचं राहिलं नाही.

गंमत म्हणजे, गिरण्यांच्या ऐन भरात, १८५१ मध्ये, जर्मन वास्तुविशारद गॉटफ्रीड सेम्पर यांनी भिंतीचं मूळ दगडात नसून विणलेल्या चटयांत आणि टांगलेल्या कापडात आहे, असं मांडलं. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. पण चार वर्षांच्या मुलाला चादर देऊन बघा, ते सेम्पर यांच्याच बाजूने उभं राहतं.

मुलांना हे का आवडतं, याची उत्तरं त्या त्या काळाने आपापल्या परीने दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल म्हणत, की मूल खेळताना मानवजातीचा सगळा प्रवास पुन्हा करतं. म्हणजे टेबलाखालचं मूल हे गुहेतला माणूस. या मांडणीचा जीवशास्त्रीय पायाच पुढे ढासळला. १९७५ मध्ये ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी निसर्गदृश्यांबद्दल लिहिताना सांगितलं, की आपण दिसू नये पण आपल्याला सगळं दिसावं, अशी जागा माणसाला मुळातच आवडते. मला हे जास्त पटतं. कारण किल्ल्याला दार नसलं तरी चालतं, डोकावायला फट मात्र लागतेच.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी इंग्लंडमधलं डेव्हन आणि कॅरिबियनमधलं कॅरियाकू बेट इथल्या मुलांच्या लपायच्या जागांचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९९३ मध्ये आलं. दोन्हीकडे, साधारण सहा ते अकरा वयात, मुलं मोठ्यांपासून दूर स्वतःच्या जागा बांधत होती. तीन वर्षांच्या मुलाचा किल्ला याच्या अगदी उलट. त्याला चादर उचलत नाही, गाठ मारता येत नाही, आणि आत गेल्यावर आपणही गुडघे मोडून आत यावं, असा त्याचा हट्ट असतो.

घरातल्या आडोशाचं एक रूप मात्र खेळातून आलेलं नव्हतं. १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी घराघरांत मॉरिसन शेल्टर वाटले: सुमारे दोन मीटर लांब पोलादी पिंजरा, वर जाड पत्रा, बाजूंना जाळी. उंची जेमतेम पाऊण मीटर. रात्री आत झोपायचं, दिवसा त्याच पत्र्यावर जेवायचं. असे पाच लाखांहून अधिक पिंजरे वाटले गेले, आणि मुलांनी त्यांतही खेळघर थाटलं. वर खरंच छप्पर कोसळू शकत होतं, त्या काळातली ही गोष्ट.

दोन वर्षांनी, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनमध्ये, एम्ड्रुप इथे मुलांनी भंगार सामानातून हवं ते बांधावं, असं खेळाचं मैदान उघडलं. कल्पना डॅनिश उद्यानरचनाकार सी. टी. सोरेन्सन यांची. १९७१ मध्ये ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी हाच धागा पुढे नेला: हलवता-जोडता येणारे सुटे भाग जितके जास्त, तितका कल्पकतेला वाव. उशा आणि चादरी या हिशेबात चपखल बसतात.

मग २०२० च्या टाळेबंदीत फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीच्या रशियातल्या शाखेने चादरीच्या किल्ल्यांचे सहा आराखडे काढले, कपाटाच्या जोडणीपत्रकासारखे. निकल्सन यांच्या कसोटीला हे फारसं उतरत नाही. आराखडा आला की भाग सुटे कुठले राहायला? शिवाय तीन वर्षांचं मूल आराखड्याबरहुकूम बांधू देईल, ही अपेक्षाच जरा धाडसी.